आर्सेनिओसनं ठरवलं होतं

पाथरवटांच्या मुकादमानं तबकावरचं फडकं बाजूला केलं आणि आर्सेनिओसनं हिरव्या दगडावर बोट ठेवलं.

झालं ते एवढंच. तबकात संगमरवराचे चार तुकडे होते. एक पांढरा, करड्या रेघांचा. एक हिरवा, त्यात काळे ठिपके. एक तांबूस, आणि एक जुन्या दातासारखा पिवळट. ज्या दिवशी शहरात नव्या सम्राटाच्या डोक्यावर मुकुट चढतो त्याच दिवशी पाथरवट हे तबक घेऊन त्याच्यापुढे उभे राहतात आणि विचारतात, महाराज, आपली कबर यातल्या कोणत्या दगडात घडवायची? कपाळावरचं अभिषेकाचं तेल अजून ओलं असतं, बाहेर लोक घसा फोडून ओरडत असतात आणि माणसानं आपल्या मरणाचा दगड निवडायचा. जुनी रीत आहे, चांगली आहे, असं सगळे म्हणतात. आर्सेनिओसनं ती एका पिढीपूर्वीच पार पाडली होती. त्याची कबर, पांढऱ्या दगडाची, प्रेषितांच्या चर्चमध्ये कधीची तयार पडली होती आणि तिथले झाडूवाले आपले खराटे आणि बादल्या तिच्यात ठेवतात हेही त्याला ठाऊक होतं. आज तबक आलं होतं ते त्याच्यासाठी नव्हे. आज दुपारी त्याच्या दोन मुलांपैकी एकाच्या डोक्यावर मुकुट ठेवला जायचा होता, आणि त्या मुलापुढे नेण्याआधी दगड जुन्या सम्राटाच्या नजरेखालून घालावेत एवढ्याचसाठी मुकादम सकाळी सकाळी राजवाड्यात आला होता. बघायचं आणि मान हलवायची. बोट ठेवायचं नव्हतं.

"हा," आर्सेनिओस म्हणालाही, "हा बरा आहे. गार लागतो." आणि त्या क्षणी तो खरोखरच चाळिशीचा होता, पडद्याआड त्याची बायको खोकत होती, नवे लाल जोडे टाचेला चावत होते आणि समोरच्या पाथरवटाच्या दाढीत दगडाची भुकटी होती. मग त्याला आपला हात दिसला. हिरव्यावर ठेवलेलं ते बोट म्हाताऱ्याचं होतं, नखाखाली निळसर, सांध्यात वाकडं. हे कुणाचं बोट, असा विचार येऊन गेला आणि त्यापाठोपाठ भीती आली. मुकादम तबक धरून थिजला होता. आधीच्या सम्राटानं दुसऱ्यांदा दगड निवडला, आता याचा अर्थ काय लावायचा, दोन कबरी कुणाच्या, हे गणित त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट मांडलेलं दिसत होतं.

"महाराज दगड अस्सल आहे का ते पाहतायत," आगापितोस म्हणाला. आगापितोस हा राजवाड्याचा खोजा, महालाचा कारभारी. पहिल्या दिवसापासून आर्सेनिओसच्या डाव्या हाताशी उभा. आवाज बारीक, चेहरा पुसलेल्या ताटासारखा.

"अस्सल आहे महाराज. थेसालीचा आहे. मी स्वतः कापलाय."

"मग झाक आणि चालू लाग. घोडामैदान जवळ आलंय, अजून तुझ्या हातापायांना भुकटी आहे," आगापितोस म्हणाला.

मुकादम वाकून मागे मागे गेला. आर्सेनिओस खुर्चीवर बसला. नोकरांनी त्याच्या पायांत लाल जोडे चढवायला घेतले. ज्याच्यासाठी हे तबक जाणार तो कोण, असा एक साधा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला. किल्ली ठेवायच्या कोनाड्यात हात घालावा आणि कोनाडा रिकामा लागावा, तसं झालं. त्यानं पुन्हा हात घातला. मरिआनोस, थोरला. निकितास, धाकटा. दोन्ही नावं आठवत होती, दोन्ही तोंडं आठवत होती. यातला एक त्यानं निवडला होता, हेही पक्कं आठवत होतं. कोण, तेवढं मात्र गेलं होतं.

आणि गंमत अशी की ठरवल्याचा आनंद जसाच्या तसा शाबूत होता. हिवाळ्याचे दिवस, समुद्राकडची ती लहान खोली, खिडकीबाहेर सीगल भांडत होते, ताटात डाळिंब फोडलेलं होतं. कित्येक महिने डोक्यात भुंग्यासारखं घोंघावणारं काहीतरी एकदम थांबलं होतं आणि तो मोठ्यानं म्हणाला होता, बस्स, ठरलं. गुडघे दुखायचे थांबले होते. डाळिंबाचे दाणे दातांखाली फुटत होते आणि तो एकटाच हसत होता. एवढं सगळं आहे, वास आहे, चव आहे, रसाचा हातावर ओघळलेला डागसुद्धा आहे, आणि नाव तेवढं नाही. विसरून विसरून माणसानं नेमकं हेच विसरावं? त्याला स्वतःचा राग आला आणि राग कुणावर काढावा ते कळेना म्हणून त्यानं जोडे घालणाऱ्याला विनाकारण लाथेनं जरा ढकललं.

कुणाला विचारायची सोय नव्हती, आणि ही तजवीज त्याची त्यानंच करून ठेवली होती. नाव आधी फुटलं की दुसऱ्याची माणसं सुऱ्यांना धार लावतात, हे तो या वाड्यात राहून शिकला होता. म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन्ही मुलांच्या मापाचे दोन झगे शिवायला सांगितले. दोघांनीही मोठ्या चर्चमध्ये एकेका खांबाशी उभं राहायचं, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि त्यानं मुकुट हातात घेऊन नाव घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता मूठ उघडायची वेळ आली आणि आत काही नाही. ज्याचं नाव घेतलं जाईल त्याला मुकुट. ज्याचं नाही, त्याचे डोळे. तसा काही कायदा नव्हता, कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आंधळ्याला सम्राट होता येत नाही एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे नव्या सम्राटाच्या आजूबाजूची माणसं पहिल्या आठवड्यातच हे काम उरकून घेत. सम्राटाला काही बोलावंही लागत नसे. आर्सेनिओसच्या कारकिर्दीत दोघांचे काढले गेले होते. त्यानं फक्त मान हलवली होती, आणि तीही त्याला वाटलं होतं की जेवण वाढू का असं विचारतायत.

मान हलवणं हाच तर सगळा कारभार. पाफ्लागोनिया प्रांतातल्या एका डुकरं राखणाऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस फौजेत खेचरांचा कारभारी होता. पूर्वेच्या मैदानावर दोन सेनापती मुकुटावरून भांडत होते, एक म्हणाला तू नको, दुसरा म्हणाला तू नको, आणि फौज उपाशी. तेव्हा कुणीतरी ओरडलं, याला करा, हा निदान वेळेवर जेवायला घालतो. चौघांनी त्याला ढालीवर उभं केलं आणि ढाल खांद्यांवर उचलली. चौघांतला एक बुटका होता, त्यामुळे ढाल कलली, आणि साम्राज्याचा नवा धनी आपल्या पहिल्याच क्षणी एका शिपायाचे केस घट्ट धरून उभा होता. त्यानंतर लढाया झाल्या, तह झाले, एक दुष्काळ, एक मोठा भूकंप, बायको गेली. रथांच्या शर्यतीच्या मैदानात लोक त्याला बघून ओरडत, "ए चरबीखाऊ, उजवीकडच्या घोड्याला पण चार थोडी चरबी!" तो हसत असे, त्याला ते आवडत असे. पण खरा सम्राट तो गेल्या वर्षीपासून झाला, असं शहरात बोललं जायचं, म्हणजे तो विसरायला लागला तेव्हापासून. पडदा वर जाई, जयघोष करणारे जयघोष करत, आगापितोसच्या भुवईकडे बघून तो मान हलवी. बल्गारांचा वकील हद्दीबद्दल बोलायला आला तेव्हा आर्सेनिओस आपल्या गावातल्या डुकरांच्या वाडग्याचं कुंपण आठवत इतका वेळ गप्प बसला की वकिलाला घाम फुटला आणि तो आपण होऊन दोन गढ्या सोडून गेला. केवढा धीरगंभीर झालाय म्हातारा, लोक म्हणाले. आतून तो एका मोठ्या घरात हरवलेल्या पोरासारखा एकेक दार ढकलत फिरत होता.

"आगापितोस," तो म्हणाला, "तो झगा, आज ज्याला घालायचाय त्याचा. खांद्यात घट्ट तर होणार नाही ना?"

"दोन्ही झगे मापाचे आहेत महाराज."

"खांद्यात म्हणतोय मी. रुंद खांदे असले तर जरा…"

"रुंद खांद्यांचा रुंद शिवलाय, अरुंद खांद्यांचा अरुंद."

आर्सेनिओसनं त्याच्याकडे पाहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, आणि समोरच्यानं भांडं पाहिलं होतं की नाही तेही कळत नव्हतं. याला या वाड्यानं काही न सुचवता पन्नास वर्षं जगायला शिकवलंय, याच्या तोंडून काय निघणार. "बरं," तो म्हणाला. "तुला काय वाटतं, लोकांना आवडेल ना तो?"

"आपण ज्याचं नाव घ्याल तो लोकांना कायमच आवडत होता, महाराज."

मग निकितास आला. पद्धतीप्रमाणे दोन्ही मुलांनी चर्चला निघण्यापूर्वी एकेकट्यानं येऊन बापाचा आशीर्वाद घ्यायचा होता. निकितास आत येतानाही जोड्यांचा आवाज होत नसे. बारीक मान, स्वच्छ कपाळ, पाच पाच तासांच्या पूजेत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर वजनसुद्धा घेत नसे. कोणत्या सणाला कोणत्या दारानं निघायचं आणि मेणबत्ती कोणत्या हातात धरायची हे त्याला आगापितोसपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आई त्याच्या जन्मातच गेली होती आणि आर्सेनिओसच्या मोठ्या बहिणीनं, थेक्लानं त्याला वाढवला होता. आर्सेनिओसला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटायची, जशी आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या माणसाची वाटते. निकितासनं गुडघे टेकले, हाताचं चुंबन घेतलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी कुणाजवळ काढलं नाही. आत्यालासुद्धा सांगितलं नाही."

"कोणत्या दिवशी?"

"त्या समुद्राकडच्या खोलीत. अर्धं डाळिंब मला दिलंत, तेव्हा."

आर्सेनिओसला इतकं हलकं वाटलं की त्याला रडू येईल असं झालं. म्हणजे हाच. हाच तो, देवा, हाच. त्यानं निकितासच्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप वेळ उचललाच नाही. कोनाड्यात नाव परत आलं होतं. निकितास. निकितास. तो मनात घोकू लागला, शाळेतल्या मुलानं धडा घोकावा तसा. निकितास गेला आणि तो घोकतच राहिला.

मरिआनोस आला तो पडद्याला अडखळून. हिवाळाभर शहरात होता, मग पूर्वेच्या फौजेत गेला आणि आठवड्यापूर्वीच परतला होता, मान उन्हानं भाजलेली, नव्या झग्यात तो गाईच्या गळ्यात घंटा बांधावी तसा अवघडला होता. एका मेजवानीत हसता हसता बाकावरून पडलेला मुलगा हा. दारात उभा राहिला तेव्हा प्रकाश त्याच्या पाठीमागे होता आणि आर्सेनिओस पुटपुटला, "कोस्मास, डुकरं आणलीस का आत?" कोस्मास म्हणजे आर्सेनिओसचा गावाकडचा भाऊ, मरून कैक वर्षं झाली होती.

"मरिआनोस आहे मी, बाबा," मरिआनोस हसला. "काका नाही. पण डुकरं म्हणाल तर दरबारातली सगळी बाहेर उभी आहेत, सांगा कुणाला आत घेऊ?" त्यानं गुडघे टेकले, झगा गुडघ्याखाली अडकला, त्यानं शिवी घातली आणि मग बापाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "त्या दिवशी अख्खं डाळिंब एकट्यानं खाल्लंत. मला एक दाणा दिला नाहीत. म्हणालात, तुला राज्य देतोय, डाळिंब कशाला हवं. बघा हं बाबा. मी कुणाला बोललो नाहीये. तोंड शिवून बसलोय, माझ्यासारख्यानं."

आर्सेनिओसचा हात वरच्या वर राहिला. त्यानं मुलाच्या चेहऱ्यात लबाडी शोधली. नव्हती. मरिआनोसला खोटं बोलता येत नसे, लहानपणी चोरून मांस खाल्लं की तो स्वतःच येऊन पोट दुखतंय म्हणून सांगे. मग निकितास खोटं बोलला? निकितासही खोटं बोलत नसे. डाळिंब एकच होतं ना? एकाच वेळी अर्धं आणि अख्खं? त्याच्या डोक्यात ती खोली गरगर फिरू लागली, सीगल, खिडकी, ताट, आणि खोलीत त्याच्यासमोर बसलेला माणूस कधी हा होता, कधी तो, कधी कुणीच नव्हतं. "जा," तो म्हणाला, "जा, खांबाशी जाऊन उभा राहा."

"कोणत्या?"

"तुझ्या," आर्सेनिओस म्हणाला, कारण त्याला तेही आठवत नव्हतं.

मिरवणूक निघायला अवकाश होता. त्यानं आगापितोसला बाहेर थांबायला सांगितलं, हे त्यानं क्वचितच केलं होतं, आणि मधल्या अरुंद वाटेनं थेक्लाच्या खोलीत गेला. ती जोगीण झाली होती पण राजवाडा सोडून गेली नव्हती. देव इथंही आहे आणि इथं आचारी चांगला आहे, असं म्हणायची. ती खिडकीशी बसून भिजवलेले हरभरे सोलत होती. तिच्या बोटांना कधी रिकामं राहवत नसे. मुकुट घातलेला भाऊ दारात बघून ती उठली नाही.

"ताई," तो म्हणाला. आजवर त्यानं कुणाजवळ हे कबूल केलं नव्हतं. "मला आठवत नाहीये. कुणाला ठरवलं ते. मी ठरवलं होतं, शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. पण आठवत नाहीये."

"बस," थेक्ला म्हणाली. "कळलंय मला. द्राक्षांच्या हंगामापासून कळलंय."

"मग तुला सांगितलं असेल मी. तुला सांगितलं ना? कोण म्हणालो होतो?"

थेक्लानं हरभऱ्यांची परात बाजूला ठेवली. "सांगितलंस. एक दिवस आलास, मरिआनोस म्हणालास. नाचायचाच बाकी होतास. दुसऱ्या दिवशी आलास, निकितास म्हणालास. तसाच खूश. तिसऱ्या दिवशी परत मरिआनोस. अख्खा हिवाळा रोज ठरवत होतास तू, आर्सेनि. आगापितोस रोज तुझ्यापुढे डाळिंब ठेवायचा, तू म्हणायचास आज ठरवणार. डाळिंबं संपली तेव्हा त्यानं सुकी अंजिरं आणायला सुरुवात केली."

म्हणजे हरवलेलं असं काही नव्हतंच. सकाळपासून जे शोधत होता ते कुठं पडलेलं नव्हतं, ते प्रत्येक दिवशी नव्यानं होत होतं आणि प्रत्येक संध्याकाळी पुसलं जात होतं. त्याला हसू आलं आणि मग त्याला लाज वाटली, एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्यानं अंजिरं खात खात आपल्याच पोरांचे डोळे रोज काढले आणि रोज परत बसवले. "आगापितोसलाही माहीत आहे?"

"त्याला कधी काय माहीत नव्हतं?"

"मग तोच का नाही बोलला? तू का नाही बोललीस?"

"काय बोलणार होते? म्हाताऱ्याचं डोकं गेलं म्हणून? दुसऱ्या दिवशी तुझे डोळे गेले असते." ती आवाज न चढवता बोलत होती. "ऐक. खाली समुद्राच्या दरवाजाशी एक होडी आहे. खारवलेले मासे नेणारी. नावाडी आपल्या भागातला आहे, आपली भाषा बोलतो. वारा दक्षिणेचा आहे तोवर सामुद्रधुनीतून वर जाता येतं, एकदा काळ्या समुद्रात शिरली की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खेरसोनपर्यंत कुणी पाठलाग करत नाही. पिंपांच्या मध्ये एका माणसापुरती जागा आहे. एकाच्याच. तू नाव घेतल्यावर वेळ राहणार नाही, ज्याचं नाव घेतलं नाहीस त्याच्या अंगावर सगळं चर्च येईल. आत्ता तुझा हुकूम म्हणून निरोप पाठवला तर होतंय. म्हणून आत्ता सांग. होडीत कुणाला बसवू?"

"मरिआनोसला," आर्सेनिओस म्हणाला.

त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. तिचं वाक्य संपायच्या आधीच तो बोलला होता. विचार केला नव्हता, तराजू काढला नव्हता, सीगल नव्हते, डाळिंब नव्हतं. कोणाला राज्य द्यायचं हे इतके महिने त्याला सापडत नव्हतं, आणि कोणाला वाचवायचं हे विचारताच उत्तर जिभेवर बसलेलंच होतं, जणू त्याला तेवढंच कधी कुणी विचारलं नव्हतं. मरिआनोस पडद्याला अडखळतो. मरिआनोसला डुकराची करकरीत भाजलेली कातडी आवडते. मरिआनोस त्या सोन्याच्या खुर्चीवर पाच तास बसला तर सहाव्या तासाला कुणाचा तरी खून करेल, नाहीतर स्वतः मरेल. ही कारणं नंतर सुचली. आधी नाव आलं.

थेक्ला हलली नाही. तिची बोटं परातीच्या काठावर होती, तशीच राहिली. "निकितास नाही?" तिनं विचारलं.

ते तिनं इतकं हळू विचारलं की त्याला तिचं चाळिशी उलटल्यावरचं तोंड आठवलं, काखेत दोन दिवसांचं मूल घेऊन उभी असलेली, आता याला बकरीचं दूध पाजायचं की दाई शोधायची म्हणून विचारणारी. तिनं होडी कुणाच्या आशेनं शोधून ठेवली होती ते त्याला त्या क्षणी कळलं. माझं मूल त्या खुर्चीपासून वाचव, एवढंच ती मागत होती, पण तोंडानं म्हणत नव्हती. तो म्हणू शकला असता, बरं, निकितास. नाव बदलायला काय लागतं, अख्खा हिवाळा तो तेच करत होता. "निकितासला तिथं उभं राहता येतं," तो म्हणाला.

"उभं राहता येतं म्हणून?"

"ताई, मला समजत नाही. मला काही समजत नाही. पण हे बदलत नाहीये."

ती उठली, चेहऱ्यावरून हात फिरवला, डोक्यावरचं काळं वस्त्र पुढे ओढलं. "तो पोरगा तुला जन्मभर शिव्या देईल. तू त्याचा घास काढून घेतलास म्हणून."

"देऊ दे. शिव्या द्यायला माणूस जिवंत लागतो."

"आणि दुसरा?" थेक्ला म्हणाली, पण उत्तरासाठी थांबली नाही. तिच्या काठीचा आवाज खालच्या पायऱ्यांवरून जाताना त्यानं ऐकला. शब्द दिला की ती तो पाळायची, स्वतःच्या विरुद्धसुद्धा.

मोठ्या चर्चमध्ये धूप इतका होता की घुमटाखालचे दिवे पाण्यात असल्यासारखे दिसत होते. आर्सेनिओस चालत गेला, म्हणजे त्याला चालवत नेलं गेलं, डावीकडे आगापितोस, उजवीकडे धर्मगुरू. उजव्या खांबाशी निकितास झग्यात सरळ उभा होता. डाव्या खांबाशी कुणी नव्हतं. लोकांत कुजबुज सुरू झाली, ती मागच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. आगापितोसनं रिकाम्या खांबाकडे पाहिलं, मग आर्सेनिओसकडे, आणि त्याच्या भुवया पहिल्यांदाच काही सांगत नव्हत्या. धर्मगुरूनं मुकुट हातात दिला. जड होता. आर्सेनिओसला वाटलं आता नाव जाईल, आता कोनाडा परत रिकामा होईल, पण नाव गेलं नाही. "निकितास," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्या मोठ्या पोकळीत अजिबात थरथरला नाही, हे नंतर सगळ्या शहरानं सांगितलं.

निकितास पुढे येऊन गुडघ्यांवर बसला. वरून त्याची मान दिसत होती, बारीक, मागच्या केसांच्या वळणाशी लहानपणीचाच एक भोवरा. आर्सेनिओसनं मुकुट ठेवला तेव्हा मुलाचा सगळा देह खाली दबला आणि मग सावरला. जयघोष सुरू झाले, दीर्घायुषी होवो, दीर्घायुषी होवो, एका बाजूचे गायक आणि मग दुसऱ्या बाजूचे. त्या गोंगाटात निकितासनं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होतात, पण मला खात्री नव्हती," तो म्हणाला. "मला लहानपणापासून वाटायचं, तुमचा जीव दादावरच आहे. मी मेलो तरी तुम्हाला… जाऊ दे. आज कळलं मला."

मुकुटाच्या कडेवर आर्सेनिओसचा हात अजून होता. या मुलाच्या चेहऱ्यावर असा आनंद त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याला गुडघे टेकून त्याची माफी मागावीशी वाटली, भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, पण सम्राट गुडघे टेकत नाही आणि माफी कशाची ते सांगता आलं नसतं.

"हो," तो म्हणाला. "तुझ्यावरच होता."

निकितासनं त्याचा हात आपल्या गालाशी धरला. गाल ओला होता, गरम होता. हे जायला हवं, आर्सेनिओसनं मनात म्हटलं, हा चेहरा उद्यापर्यंत जायला हवा, इतकं सगळं जातं तर हेही जाईल. जयघोष चालूच होते. सकाळपासून ज्या विसराच्या भीतीनं तो दारं ढकलत फिरला होता, त्याचीच वाट बघत तो तिथं उभा राहिला.